भार पेटीवर

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण पोस्टानं आलं. हल्ली पोस्टमन आमच्या दाराशी येतो तो बँकेचं नाहीतर पेन्शनचं काहीतरी घेऊन, म्हणून पाकीट दुपारपर्यंत तसंच पडून होतं. उघडलं तर वर आपल्या शाळेच्या घंटेचं चित्र. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो आणि दुसऱ्या परिच्छेदाशी माझा आवाज बसला. ती म्हणाली, "राहू द्या, मी वाचते."

"शाळेने मला काय दिले" यावर लिहा, असं समितीनं कळवलंय. शाळेनं पुष्कळ दिलं. ते बाकीचे लिहितीलच. मला बाईंवर लिहायचंय.

बाई म्हणजे कोणत्या, हे त्या काळात बोर्डिंगात राहिलेल्या कुणाला सांगायला नको. वर्गात त्या भूगोल आणि शास्त्राचं (बायबलचं) वचन शिकवायच्या, पण आमच्यासाठी त्या बोर्डिंगाच्या बाई. पांढरं सुती लुगडं, उजव्या मनगटात घड्याळ, कमरेला कोठीच्या किल्ल्या. सकाळच्या उपासनेत त्या पेटीवर (वाजवायच्या पेटीवर) बसायच्या, आणि सूर हरवला तरी कुणाकडे रागानं बघायच्या नाहीत. जेवणघराच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं काळ्या रंगात 55 व्या स्तोत्रातलं वचन लिहिलं होतं: "तू आपला भार परमेश्वरावर टाक, म्हणजे तो तुझा पाठिंबा होईल." त्या ओळीखाली बसून मी सहा वर्षं जेवलो.

1972 साली मी सातवीत होतो. आमचं गाव अंबडकडचं. आमचं घर गावकुसाबाहेरचं, दीड एकर हलकी जमीन, तीही आदल्या वर्षापासून कोरडी. बाप आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आणि दोन वर्षांची बहीण तिथंच, पोत्याच्या सावलीत. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याशेजारी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हापासून आमच्यासारख्या घरांना मिशनचा आधार माहीत होता, म्हणून बापानं मला पाचवीतच इथं आणून घातलं. निघताना बाजारातून हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी घेतली, तिला पितळी कुलूप. बाप म्हणाला, "किल्ली कुणाला देऊ नको."

त्या वर्षी आपल्याला काय खायला मिळायचं, ते वर्गमित्रांना आठवत असेल. सकाळी लाल मिलोची भाकर. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी, भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. दुपारी चार वाजता वाटीभर सुकडी. सुकडीची मात्र आम्ही सकाळपासून वाट बघायचो. बाई स्वतः वाटी भरून, वरून बोट फिरवून सारखी करून द्यायच्या. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

मी अर्धीच खायचो. उरलेली मुठीत धरून खोलीत न्यायचो आणि पेटीत, माझ्या दुसऱ्या सदऱ्यात बांधून ठेवायचो. तीन आठवडे हे चाललं. नाताळच्या सुटीत घरी जाईन तेव्हा बहिणीला देईन, असं मी ठरवलं होतं. कुणाला बोललो नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही नाही.

मुंग्यांनी बोभाटा केला. एका संध्याकाळी बाई कंदील घेऊन फेरी मारत होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या खाटेशी थांबला. खिडकीपासून माझ्या पेटीपर्यंत मुंग्यांची ओळ लागली होती, दोरी ओढल्यासारखी सरळ. बाईंनी कंदील खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उघड बाळा."

माझा हात इतका कापत होता की किल्ली भोकात जाईना. त्यांनी मदत केली नाही, थांबल्या. झाकण वर केलं तसा आंबूस वास आला. सदरा गुळानं चिकटून कडक झाला होता, सुकडीला जाळी धरली होती आणि आत अळ्या वळवळत होत्या. सगळी पोरं माना उंच करून बघत होती. मला वाटलं, आता चोर म्हणतील.

बाई फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "कुणासाठी ठेवलीस?"

"बहिणीसाठी."

"देवाला सांगितलंस?"

"नाही."

"मला?"

"नाही."

"मग भार टाकलास कुणावर?"

मी खाली बघून म्हणालो, "पेटीवर."

कुणी हसलं नाही. बाईही काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो सदरा उचलला, आम्ही दोघं विहिरीजवळच्या दगडाकडे गेलो. खराब सुकडी कोंबड्यांसाठी एका टोपलीत काढली. पाणी तर मोजून मिळायचं, पण त्यांनी आपल्या वाट्याच्या बादलीतलं पाणी घेऊन सदरा धुतला. मी पिळला.

त्या रात्रीची प्रार्थना मी विसरलो नाही. बाईंनी विचारलं, घरच्यांची काळजी कुणाकुणाला लागलीय, त्यानं उभं राहावं. बराच वेळ कुणी उठेना. मग मी उठलो, कारण माझं तर सगळ्यांना कळलंच होतं. माझ्यामागे दहावीतला एक दांडगा मुलगा उठला, ज्याला आम्ही सगळे भ्यायचो. मग ओळच्या ओळ. इतके दिवस आम्ही शेजारी शेजारी झोपत होतो आणि जो तो आपली काळजी कुलूप लावून उशाशी घेत होता. त्या दिवसापासून रोज रात्री पाच पाच गावांची नावं घेऊन प्रार्थना व्हायची. त्या गावांतली कितीतरी नावं मला अजून त्याच क्रमानं येतात.

आठवड्याभरानं त्यांनी उपासनेत बायबलातल्या निर्गमाच्या 16 व्या अध्यायातली मान्नाची, म्हणजे देवानं आभाळातून दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगितली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी दर माणशी एक ओमर मान्ना मिळायचा. काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पुढं एवढंच म्हणाल्या, की देवानं मोजायला मनाई केली नव्हती, ओमर हे मापच आहे. खरंच, बाई रोज संध्याकाळी कोठीतलं धान्य मोजून वहीत लिहायच्या आणि मगच गुडघे टेकायच्या. भरवसा ठेवायचा म्हणजे हिशेब सोडायचा, असं त्यांनी कधी शिकवलं नाही.

नाताळला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात फडक्यात बांधलेली दोन शेर ज्वारी दिली, आपल्या वाट्यातली. म्हणाल्या, "ही पेटीत घालू नकोस. हातात धर." एस.टी.त मी ती मांडीवर धरून बसलो होतो.

बाईंना बायबलातली लुदियाची गोष्ट फार आवडायची. जांभळी वस्त्रं विकणारी बाई, नदीकाठी प्रेषित पौलाचं बोलणं ऐकत बसलेली, आणि प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं. बाई म्हणायच्या, पुढचं वाचा. तिनं लगेच आपलं घरही उघडलं, पाहुण्यांना आग्रह करून नेलं. आम्हां मराठवाड्याच्या पोरांना त्या हे काळ्या जमिनीवरून समजावून सांगायच्या. उन्हाळ्यात काळी भेगाळते तेव्हा ती मेलेली दिसते, पण पहिलं पाणी त्याच भेगांतून खोल उतरतं. चोपण जमिनीवरून ते वाहून जातं. पुढं कृषी पदविका करताना मातीचा हाच धडा मी पुस्तकात वाचला आणि वर्गात मला एकदम जेवणघराचा वास आला.

मी कृषी सहायक म्हणून लागलो आणि 2018 साली मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गावोगाव शेतकऱ्यांना गोणपाटाची चाचणी शिकवली. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं मोड मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बी पेरणीजोगं. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरायची नाही. हे सगळं सांगून झालं की लोक आभाळाकडे बघायचे, मीही बघायचो.

2012 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी कुऱ्हाडीनं तोडून सरपण केली. पंचनामे मी केले. एका शेतकऱ्यानं मला झाडांची संख्या सांगितली, सही केली, चहा पाजला आणि पावसाळ्याआधी तो गेला. कसा, ते लिहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी दर रविवारी देवळात (चर्चमध्ये) बसत होतो, पण माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती. बायकोलाही सांगितलं नाही. साहेब माणसानं काय सांगायचं!

एका रात्री झोप येईना, माळ्यावर काही शोधत होतो, तर ती हिरवी पेटी हाताला लागली. आणि बाईंचा प्रश्न जसाच्या तसा कानात आला. सकाळी पाळकसाहेबांकडे गेलो आणि बोलायला सुरुवात केली ती दोन तास थांबलो नाही. ते मला काहीच समजावत बसले नाहीत. बायबलातला हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय काढून दिला. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. 1972 साली बाईंनी हाच अध्याय आमच्याकडून पाठ करून घेतला होता. तेव्हा मला वाटायचं, हा पाऊस मागण्याचा मंत्र आहे. त्यात पावसाचं मागणं कुठंच नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर दिसलं. पुढच्या रविवारी चर्चच्या मंडळीपुढं उभा राहून त्या शेतकऱ्याच्या घरासाठी प्रार्थना मागितली. त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या फीचा भार मंडळीनं उचलला. तिची आई आता आमच्याकडे नाताळला येते, आम्ही तिच्याकडे दिवाळीला जातो.

मागल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. बोर्डिंग बंद आहे. जेवणघरात कॉम्प्युटर ठेवलेत, ते चांगलंच झालं. पण भिंतीवरचं वचन डिस्टेंपरखाली गेलंय. तिरपं उभं राहून बघितलं तर "भार" हा शब्द अजून जरासा उमटलेला दिसतो. समितीला माझी हात जोडून विनंती आहे, ती ओळ पुन्हा लिहून घ्या. खर्च मी देतो.

बाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या. तिथून त्यांचं एक आंतरदेशीय पत्र आलं होतं, शेवटी विचारलं होतं, "पेटी आहे का अजून?" तेव्हा माझी बदलीची धावपळ चालली होती. उत्तर उद्या लिहू, परवा लिहू, असं करत राहिलं. त्या गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं.

माझ्याकडे बाईंचा एकही फोटो नाही. 1976 च्या दहावीच्या निरोप समारंभाला स्टुडिओवाला आला होता, लिंबाखाली आपण तीन ओळीत उभे होतो. बाई खुर्चीवर डावीकडून दुसऱ्या, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. आपल्या बॅचमधल्या कुणाकडे ती प्रत असेल तर महोत्सवाला घेऊन या. मी पहिल्याच दिवशी सकाळी येऊन घंटेजवळ थांबतो.