तुम्ही विचारलंत म्हणून: मॅराडोनाच्या पेठेत स्किलाचीचा फोटो

"ह्यो कोन ओ काका?"

दर चार वर्षांनी हा प्रश्न मला ठरलेला. वर्ल्ड कप जवळ आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत झेंडे लागतात, मेसी-नेमार-रोनाल्डोचे माणसाच्या दुप्पट उंचीचे कटआउट उभे राहतात आणि पंक्चर काढायला आलेलं एखादं पोरगं कॉम्प्रेसरच्या वर चिकटवलेल्या फोटोकडे बोट दाखवतं. फोटोच्या कडा पिवळ्या पडल्यात. निळा शर्ट, पसरलेले दोन्ही हात आणि डोळे असे फाकलेले, की आत्ताच कुणीतरी त्याचं पाकीट मारलंय. हल्ली पोरंच नाही, शाहू स्टेडियमवर शेजारी बसणारी शहाणीसुरती माणसंही विचारतात, सगळी पेठ मॅराडोनावाली, तुम्ही एकटे या बाबाच्या मागं कसे? तर एकदा सांगूनच टाकतो.

साल्वातोरे स्किलाची, इटलीचा फॉरवर्ड. घरचं नाव तोतो. पेपरात वाचून आम्ही पोरं त्याला 'शिलाची' म्हणायचो. १९९०चा वर्ल्ड कप इटलीत झाला, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि संध्याकाळी शाळा सुटली की वडिलांच्या याच दुकानात टायरी ढकलत होतो. पुढं कधीतरी कळलं, की हा गडीसुद्धा सिसिलीतल्या पालेर्मोच्या गरीब वस्तीत वाढला आणि पोरवयात टायरच्या दुकानात कामाला होता. आता यापुढं आणखी काय कारण पाहिजे? पण कारण तेवढंच नाही.

स्किलाचीचं नाव काढलं की फुटबॉलमधले जाणकार हसून म्हणतात, "हां, तो एका महिन्याचा खेळाडू!" यावर माझं डोकं फिरतं. महिना दिसला तुम्हाला, त्याच्याआधीची सात वर्षं कुणी बघितली?

जन्म १ डिसेंबर १९६४. सुरुवात पालेर्मोच्या शहर बससेवेच्या टीमकडून. १९८२ साली मेसिना या क्लबनं त्याला घेतलं. मेसिनाही सिसिलीतच, आणि तेव्हा पार खालच्या डिव्हिजनमध्ये रुतलेला क्लब. तिथून एकेक पायरी चढत क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला आणि त्याच्यासोबत स्किलाचीही. मेसिनासाठी लीगचे दोनशेच्या वर सामने खेळला. १९८८-८९ला झेमान नावाचा, अटॅकशिवाय दुसरं काही न सुचणारा कोच आला आणि त्या एका सीझनमध्ये स्किलाचीनं २३ गोल मारून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला नंबर काढला. तेव्हा कुठं युव्हेंटस या उत्तर इटलीतल्या बड्या क्लबनं त्याला बोलावलं. वय चोवीस. पहिल्याच वर्षी लीगमध्ये १५ गोल, वर इटालियन कप आणि युरोपातल्या क्लबांचा यूईएफए कप. इटलीचा शर्ट अंगावर चढला तो मार्च १९९०मध्ये, म्हणजे वर्ल्ड कपला दोन-सव्वादोन महिने उरले असताना.

वर्ल्ड कपला कोच विचिनीची पसंती व्हियाली आणि कार्नेवाले या जोडीला. स्किलाची बाकावर. ९ जूनला रोममध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध इटलीनं ढीगभर चान्स घालवले. शेवटचा पाव तास राहिला तेव्हा विचिनीनं कार्नेवालेला काढून याला आत पाठवलं. चारेक मिनिटांत व्हियालीचा क्रॉस आला आणि आमच्यातल्या कुणाहीएवढा दिसणारा हा गडी दोन उंचाड्या डिफेंडरांच्या मधून उसळला. हेडर, गोल. तो गोल मी फार नंतर पाहिला. अजूनही मोबाईलवर अधूनमधून लावतो. गोल झाल्यावर तो पळतो, ते आनंदानं पळणं नाहीच. आपण हे काय करून बसलो, म्हणून घाबरलेल्या माणसासारखा पळतो.

मग चेकोस्लोव्हाकिया, उरुग्वे, आयर्लंड. उरुग्वेविरुद्धचा गोल बॉक्सच्या बाहेरून, डाव्या पायानं, गोलकीपरच्या डोक्यावरून जाऊन झपकन खाली आलेला. तो सगळ्यांना आवडतो. मला विचाराल तर आयर्लंडविरुद्धचा. इटलीच्याच दोनादोनीनं शॉट मारला, आयर्लंडचा गोलकीपर बॉनरनं अडवला, पण बॉल हातात राहिला नाही. तो नेमका स्किलाचीच्या पुढ्यात. लोक म्हणतात, नशीब. अहो, पाण्यात ट्यूब फिरवताना बुडबुडा कुठून येणार हे हाताला आधी कळतं, डोळ्यांना मागून. ते काही नशिबानं कळत नाही, हजारभर ट्यूबा बुडवल्यावर कळतं. खालच्या डिव्हिजनच्या खडबडीत मैदानांवर सात वर्षं सुटलेल्या बॉलच्या मागं धावल्याशिवाय बॉल असा पुढ्यात येत नाही.

३ जुलैची सेमीफायनल नेपल्समध्ये, मॅराडोनाच्या अर्जेंटिनाविरुद्ध. आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस, तालमीतला टीव्ही, दूरदर्शनवर मुंग्या, आणि शंभरभर माणसांत इटलीचा मी एकटा. नेपल्स म्हणजे मॅराडोनाच्या क्लबचं गाव. त्यानं सामन्याआधीच तिथल्या लोकांना डिवचलं होतं, की वर्षभर तुम्हाला हिणवणारे उत्तरेकडचे आज तुमचा पाठिंबा मागताहेत. बोलला ते खरंच होतं. गंमत अशी, की त्याच्यासमोर इटलीकडून सेंटर फॉरवर्डला उभा होता तो नेपल्सपेक्षाही दक्षिणेचा, सिसिलीचा पोरगा. युव्हेंटसचा शर्ट घालून उत्तरेत खेळायला गेला, की विरोधी स्टँडमधून 'टायर चोरतो' म्हणून ओरडा व्हायचा, त्याच्या गावरान बोलण्याची टिंगल व्हायची. हिणवणं म्हणजे काय, हे त्याला मॅराडोनानं सांगायची गरज नव्हती.

सतराव्या मिनिटाला व्हियालीचा शॉट अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचियानं परतवला आणि परत तेच. स्किलाची हजर, गोल. मी उडी मारली, मागून कुणीतरी पाठीत दणका घातला. मग अर्जेंटिनाच्या कानिहियानं बरोबरी केली, पेनल्टीवर इटलीच्या दोनादोनी आणि सेरेनाच्या किका अडल्या आणि तालमीत फटाके फुटले. पेनल्टी मारणाऱ्या पाच जणांत स्किलाची नव्हता. टीमकडून सगळ्यात जास्त गोल मारणाराच नव्हता! चौतीस-पस्तीस वर्षं झाली, पण हे मला अजून सलतं. सकाळी वडील एवढंच म्हणाले, "हरलास तर हरलास. आठला दुकान उघडायचंय."

तिसऱ्या नंबरच्या सामन्यात बारीमध्ये इंग्लंडविरुद्ध पेनल्टी मिळाली. ती टीममधल्या रोबेर्तो बाज्जोनं स्किलाचीला मारू दिली आणि सहावा गोल झाला. इटलीचे स्पर्धेत एकूण दहा गोल, त्यातले सहा याचे. सर्वाधिक गोलांसाठी गोल्डन बूट आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल, दोन्ही त्यालाच.

पुढचं भराभर सांगतो, कारण सांगायला मजा येत नाही. युव्हेंटसनं कोच झोफला काढून नवा कोच आणला, खेळ बदलला, टीम सातव्या नंबरवर घसरली आणि स्किलाचीचे लीगमधले गोल १५ वरून ५ वर आले. चिडून एका विरोधी खेळाडूला गोळी घालायची धमकी देऊन बसला. ते चुकलंच त्याचं, मी काही झाकत नाही. इटलीसाठी त्या वर्ल्ड कपनंतर गोल एकच, १९९१मध्ये नॉर्वेविरुद्ध, तोही हरलेल्या सामन्यात. सगळे मिळून १६ सामने, ७ गोल. मग इंटर मिलान, आणि १९९४मध्ये थेट जपान! जुबिलो इवाता क्लब. जपानच्या लीगमध्ये खेळणारा पहिला इटालियन. तिथं ७८ सामन्यांत ५६ गोल मारले, हे 'एका महिन्याचा खेळाडू' म्हणणाऱ्यांना माहीतही नसतं. माहीत असलं तर म्हणतात, "जपानमध्ये काय, कोणीही मारेल." मारा की मग!

खेळ थांबवल्यावर पालेर्मोला परतला आणि पोरांसाठी फुटबॉल शाळा चालवली. १८ सप्टेंबर २०२४ला कॅन्सरनं गेला, एकोणसाठाव्या वर्षी. अंत्यदर्शनासाठी त्याला पालेर्मो क्लबच्या स्टेडियममध्ये ठेवलं होतं. त्या क्लबकडून तो आयुष्यात कधी खेळला नव्हता.

बातमी मोबाईलवर वाचली तेव्हा मी ट्रकच्या टायरीत पहार घालून बसलो होतो. हात पुसले आणि फोटोवरची धूळ तेवढी झटकली. डबा घेऊन आलेल्या बायकोनं ते बघितलं.

"कोण गेलं? वळखीतलं हुतं का?"

"व्हय," म्हटलं आणि पुन्हा पहार हातात घेतली.