सीलबंद पाकिटापासून शेवटच्या पावतीपर्यंत

काकाजींच्या तेराव्याचं जेवण आटोपलं आणि सगळे दिवाणखान्यात येऊन बसले. आता वकील येणार, विल वाचणार, अशी सगळ्यांची समजूत होती. मी त्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजे त्यातलं सगळं अमलात आणायला काकाजींनी नेमलेला माणूस. त्या दिवशी माझ्या हातात वाचायला एक कागदही नव्हता.

ही 2022 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. घर नागपुरातलं, जुनं, ऐपतदार आणि आपापल्या तऱ्हेने चालणाऱ्या माणसांचं. दोन भाऊ, म्हणजे काकाजींचे मुलगे, 15 वर्षं एका खोलीत बसलेले नाहीत, आत्याबाई मुहूर्ताशिवाय कागदाला हात लावत नाहीत. काकाजींनी लंबकाची 27 घड्याळं, वाघाचं कातडं, बारा बोअरची बंदूक आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याची सोय, सगळं एकाच मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं. यातून काम कसं पार पडलं ते लिहितो, कारण अशी वेळ आलेल्या घरांना नेमकी माहिती फार उशिरा मिळते.

पहिली गोष्ट, आपल्याकडे मृत्युपत्राच्या वाचनाचा कायदेशीर विधी नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये सही कशी करायची, साक्षीदार किती, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, कसं मागायचं हे सगळं आहे. घरच्यांना जमवून वाचून दाखवा, असं कुठेही नाही. पाकीट उघडण्याची सरकारी पद्धत मात्र आहे, ती नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये. कलम 42 नुसार कोणीही आपलं मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवू शकतो. पाकिटावर नाव आणि आत काय आहे एवढंच लिहायचं. काकाजींनी हेच केलं होतं. घरच्या कपाटात फक्त त्याची पोच सापडली.

ते उघडायचं तर कलम 45 खाली अर्ज करावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, पोच आणि अर्जदाराचं ओळखपत्र. मृत्यूची खात्री पटली की निबंधक अर्जदारासमोर पाकीट उघडतात आणि आतला मजकूर अर्जदाराच्या खर्चाने पुस्तक क्रमांक 3 मध्ये उतरवून घेतात. मूळ कागद मात्र पुन्हा तिथेच ठेवला जातो. तो घरी आणून देवापुढे ठेवू, असं आत्याबाईंनी ठरवलं होतं, त्यांना हे समजावायला एक संध्याकाळ गेली. हाती येते ती प्रमाणित नक्कल. मृत्यूनंतर ही नक्कल अर्ज करून कोणालाही मागता येते, म्हणून मजकूर कोणापासून लपवण्यात अर्थ नसतो.

आमचं काम अडलं ते नावापायी. पाकिटावर काकाजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मृत्यूच्या दाखल्यावर घरात रुळलेलं आखूड नाव, कारण हॉस्पिटलचा फॉर्म घाईत आमच्याच एका पोराने भरला होता. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्या धावपळीतही आधार, पॅन आणि मालमत्तेचे कागद समोर ठेवूनच नाव लिहावं. दाखल्याच्या 15 प्रती घ्याव्या. आमच्या सगळ्या लागल्या.

पाकीट उघडेपर्यंत काही गोष्टी थांबत नाहीत. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदेशीर होतं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आम्ही तिसऱ्या दिवशी जमा केली, परवान्याची झेरॉक्स जोडून, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घेतला. तो नंबर लिहून घ्यायला विसरू नका, पुढे वारसाने परवाना मागताना तोच धागा असतो.

वाघाच्या कातड्याचं काम याहून नाजूक. विदर्भातल्या जुन्या घरांत 1972 च्या आधीची शिकार भिंतीवर दिसते आणि पोरांना ती शोभेची वस्तू वाटते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे मालकीचं प्रमाणपत्र असेल तरच ती ठेवता येते, पैसे घेऊन देता येत नाही. वारशाने मिळाली तर 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं घोषणापत्र द्यावं लागतं. आमच्या नशिबाने प्रमाणपत्र फाइलमध्ये सापडलं आणि वनभवन नागपुरातच आहे. नावाच्या घोळात यातले बरेच दिवस गेले होते, म्हणून मी पाकिटाची वाट न पाहता अर्जाचे कागद तयार ठेवले. प्रमाणपत्र नसेल तर ती वस्तू वाटणीच्या यादीत घालूच नये, आधी वकिलाकडे जावं.

याच काळात घरात एक जुनी प्रत सापडली. मृत्युपत्राचीच, सही असलेली, पण समासात पेन्सिलीने मोडीत नोंदी. घरात कोणालाच मोडी येत नव्हती. एका जाणकाराकडून वाचून घेतल्या तर तीन ठिकाणी हिस्से बदललेले निघाले. ज्यांचा हिस्सा वाढत होता त्यांना तेच खरं मृत्युपत्र वाटू लागलं. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 71 इथे स्पष्ट आहे. सही झाल्यानंतर केलेला बदल सही आणि साक्षीदारांसह, मृत्युपत्रासारखाच केलेला नसेल तर त्याला किंमत नाही. नंतरचं मृत्युपत्र आधीच्याला रद्द करतं, मग आधीचं नोंदणीकृत आणि नंतरचं साध्या कागदावरचं असलं तरी. पेन्सिलीच्या नोंदीला ते बळ नाही. ती प्रत मी नष्ट केली नाही, कोणालाही करू देऊ नये. स्कॅन करून सगळ्यांना पाठवली आणि मूळ प्रत एका वेगळ्या पाकिटात घालून ठेवली.

वाचनाला कायद्यात जागा नसली तरी असं घर असेल तर ते करावं, असं माझं ठाम मत आहे. एकाच वेळी, एकच मजकूर, सगळ्यांच्या हातात कागद. फोनवरून तुकड्यातुकड्यांत कळलेल्या मृत्युपत्राने जेवढी माणसं तुटतात तेवढी त्यातल्या हिश्श्यांनी तुटत नाहीत.

मी तीन तारखा काढल्या आणि मुहूर्त बघून त्यातली एक आत्याबाईंनी निवडावी असं सांगितलं. वेळ सकाळी 8 ची, कारण मे महिन्यातल्या नागपुरात अकरानंतर कूलरच्या आवाजात शब्द नीट ऐकू येत नाही आणि डोकी तापलेली असतात. दोन भावांना दोन खोल्या, मधलं दार उघडं, मी उंबऱ्याशी. आधी फक्त चहा, जेवण नंतर. नकलेच्या 24 झेरॉक्स, प्रत्येक परिच्छेदाला पेनाने क्रमांक. प्रत हातात दिली की वहीत सही. वहीच्या वर लिहिलेलं होतं, ‘प्रत मिळाली’. हे दोन शब्द फार जपून लिहिले. कोणी ‘मान्य आहे’ असं लिहून सही मागायला गेला की पहिला माणूस उठून जातो, आणि अशी सही पुढे उपयोगाचीही ठरत नाही.

वाचायला 50 मिनिटं लागली. मी अर्थ सांगितला नाही. प्रश्न असेल तर परिच्छेदाचा क्रमांक टाकून कागदावर लिहून द्या, आठ दिवसांत लेखी उत्तर मिळेल, एवढंच म्हणालो. 31 प्रश्न आले. तोंडी उत्तरं दिली असती तर 31 भांडणं झाली असती.

त्यातले निम्मे दोनच गोष्टींचे होते. पहिली, नॉमिनी. मोठ्या मुलाचं नाव बँकेत आणि शेअरमध्ये नॉमिनी म्हणून होतं, म्हणून तो ते आपलं समजत होता. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सांगितलं होतं (पुढे 2015 मध्ये विमा कायद्यात जवळच्या नातेवाईक नॉमिनींबाबत बदल झाला), शेअरबाबत डिसेंबर 2023 मध्ये. दुसरी, नागपूरच्या महाल भागातला वाडा. तो वडिलोपार्जित होता आणि काकाजींनी तो अख्खाच्या अख्खा धाकट्याला लिहून दिला होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 30 प्रमाणे माणूस फक्त आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करू शकतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः हिस्सेदार झाल्या. वाड्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला आणि धाकट्याच्या वाट्याला काकाजींचा हिस्साच आला. वाडा कधीच विकू नये अशी अटही होती. पूर्ण मालकी देऊन विकण्याची कायमची बंदी घातली तर ती टिकत नाही, तेही लेखी कळवलं.

कुत्र्याच्या नावे 2 लाख रुपये होते. जनावराला मालमत्ता धारण करता येत नाही, म्हणून ती देणगी लागू होत नाही. जी देणगी लागू होत नाही ती उर्वरित मालमत्तेत जाते, आणि उर्वरित मालमत्ता पुतणीला लिहिलेली होती. तिने स्वतःहून लिहून दिलं की ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून कुत्र्यावरच खर्च करीन. ज्याला अशी सोय खरंच करायची आहे त्याने माणूस नेमून, रक्कम त्याच्याकडे सोपवून, स्पष्ट शब्दांत लिहावी.

घड्याळांचा परिच्छेद सगळ्यांत प्रेमाने लिहिलेला होता आणि त्यानेच सगळ्यांत जास्त वेळ घेतला. ‘हॉलमधलं मोठं घड्याळ नातवाला.’ हॉलमध्ये मोठी घड्याळं दोन निघाली. कागदावरचे शब्द स्वच्छ असून प्रत्यक्षात दोन वस्तूंना लागू पडत असतील तर बाहेरचा पुरावा बघता येतो, भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 80. आम्ही 20 वर्षांचे फोटो आणि इतवारीतल्या दुरुस्तीच्या पावत्या काढल्या. एक घड्याळ मृत्युपत्राच्या तारखेनंतर वरच्या मजल्यावरून खाली आणलेलं दिसलं. प्रश्न मिटला. मृत्युपत्रात वस्तू लिहिताना जागा सांगू नये, खूण सांगावी: तबकडीवरचं नाव, उंची, लाकडावरचा डाग.

साक्षीदारांपैकी एक वारले होते. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात आणि कोर्टात ते सिद्ध करताना जिवंत असलेल्यांपैकी किमान एकाची साक्ष लागते. तेव्हा हे पुरावा अधिनियमाच्या कलम 68 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 67 मध्ये आहे. दुसरे साक्षीदार अमरावतीला, वय 80 च्या पुढे. पाकीट उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणलं. काकाजींनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली, हे त्यात स्वच्छ असावं. साक्षीची जागा ते घेत नाही, पण आठवण कागदावर राहते.

प्रोबेटची भीती लोकांना विनाकारण असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या तेव्हाच्या कलम 213 प्रमाणे नागपुरातल्या हिंदू माणसाने नागपुरातल्या मालमत्तेबद्दल केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नव्हतंच. आमचं अडलं ते दादरच्या एका फ्लॅटने. स्थावर मालमत्ता मुंबईत असल्याने त्याला ते लागलं. काकाजी राहायला नागपूरचे, म्हणून अर्ज इथल्याच जिल्हा न्यायालयात. या कलमाची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी.

बाकी नोंदी पायपिटीच्या. बंगल्याची जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, त्यामुळे मिळतो तो भाडेपट्ट्याचा हक्क. आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरी जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, नाव चढवायला मृत्युपत्राची नक्कल, दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, भरल्याच्या पावत्या. महापालिकेच्या घरटॅक्सवर नाव वेगळ्या अर्जाने बदलतं, एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेचा फेरफार पटवाऱ्याकडे. नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. थोरल्याची हरकत आली, ती लेखी घेतली गेली आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. वाचनाच्या वेळची ‘प्रत मिळाली’ची वही तिथे कामी आली, कारण आपल्याला काही कळवलंच नाही, असं त्याला म्हणता येईना.

पैसे वाटायची घाई करू नये. आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग देणग्या. मृत्यूपासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत देणगी द्यायला एक्झिक्युटर बांधील नाही, भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 337. काकाजींचं एक जुनं हमीपत्र आठव्या महिन्यात उगवलं. तोवर वाटून टाकलं असतं तर ते पैसे परत गोळा करत फिरावं लागलं असतं. वारसा कर आपल्याकडे 1985 पासून नाही, पण काकाजींचं शेवटचं विवरणपत्र आणि वाटणी होईपर्यंतच्या उत्पन्नाचं वेगळं विवरणपत्र मीच भरलं.

सगळ्यांत शेवटी घड्याळं गेली. हलवण्याआधी लंबक काढून वेगळा गुंडाळायचा, नाहीतर तो ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती वाटेत मोडते. प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी, प्रत्येक किल्ली स्वतंत्र पाकिटात, कारण एकाची किल्ली दुसऱ्याला बसेलच असं नाही. पावतीवर घड्याळाचा क्रमांक, लंबक 1, किल्ली 1. सत्ताविसावी पावती नातवाची. त्याने सही केली आणि घड्याळ भिंतीवर लावताना पाणसळ लावून दाखवा म्हणाला, कारण जरा तिरकं लागलं तर टिकटिक लंगडते आणि ते बंद पडतं. काकाजींनी त्याला हे शिकवून ठेवलं होतं.