मांडवात गिटार ऐकू यावी म्हणून

"सर, गिटार बरवल्दु री." मिक्सरवर बसलेला पोरगा हात हलवून सांगत होता. गिटार येत नाही हे मलाही कळत होतं. भावगीताचं दुसरं कडवं चालू होतं. शेजारी पेटी, पलीकडे तबला, आणि माझ्यासमोर उभा केलेला माईक गिटार सोडून बाकी सगळं गोळा करत होता. पोरानं लेव्हल जरा वर नेली आणि मांडवभर शिट्टी गेली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कानांवर हात ठेवले. त्या रात्री उरलेली सगळी गाणी मी कुणाला ऐकू न जाता वाजवली, आणि घरी येताना ठरवलं की आता पिकअप, म्हणजे गिटारचाच आवाज पकडून वायरीतून मिक्सरला देणारं साधन, बसवायचाच.

आमचा पाच जणांचा संच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गणपती, नवरात्र, कोजागिरी आणि पुढे गावोगावची मराठी साहित्य संमेलनं असे आमचे कार्यक्रम असतात. माझी नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉपमध्ये पार्ट तपासायच्या कामावर. गिटार २००९ साली पहिल्या बोनसमधून पणजीहून आणलेली, चोर्ला घाटातून मांडीवर धरून. वरची फळी सलग स्प्रूस लाकडाची आहे. इतकी वर्षं वाजून तिचा आवाज मोकळा झालाय, त्यामुळे तिला कुठं भोक पाडायचं म्हटलं की माझा हात मागं येत होता.

म्हणून आधी भोक न पाडता होईल ते केलं. तीन-चारशे रुपयांची चिकटवायची पिएझो चकती आणली, ब्रिजजवळ, म्हणजे फळीवर तारा जिथं अडकवतात तिथं, लावली आणि वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला दिली. पत्रा वाजावा तसा आवाज आला. मी चकतीला दोष देत होतो, पण दोष जोडणीत होता. दाब पडला की वीज देणं हा काही स्फटिकांचा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला, त्यावरच ही चकती चालते. पण सर्किटमध्ये ती कपॅसिटरसारखी वागते. साधारण २० नॅनोफॅरडची चकती मिक्सरवर असतो तशा १० किलोओहमच्या इनपुटला जोडली तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. गिटारच्या सहा मोकळ्या तारांचे मूळ स्वर ८२ ते ३३० हर्ट्झमध्ये बसतात. म्हणजे सहाच्या सहा तारांचा पायाच जात होता. तीच चकती १ मेगाओहमच्या प्रीअँपला, म्हणजे मिक्सरच्या आधी सिग्नल सांभाळून घेणाऱ्या छोट्या डबीला, जोडली की ही हद्द ८ हर्ट्झवर उतरते. एका मित्राचा प्रीअँप मागून आणला आणि त्याच चकतीतून गिटारचा भरदार आवाज आला. स्वस्त पिकअप टाकून देण्याआधी एवढं एकदा नक्की करून बघा.

घरी मी खूश होतो. तबल्याचे आमचे अण्णा म्हणाले, "अरे, घरात काय वाजवायलास? मांडवात वाजवून बघ की."

मांडवात सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीचा) स्वर धरला की मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, घुमायला लागायचा. हा स्वर ९८ हर्ट्झचा, आणि मोठ्या पोटाच्या गिटारीतली हवा स्वतःच १०० च्या आसपास घुमते. मॉनिटरचा आवाज फळी हलवतो, फळी चकतीला हलवते, चकती परत मॉनिटरला पाठवते, असं हे चक्र. साऊंड होलला, म्हणजे फळीतल्या गोल भोकाला, रबरी झाकण लावलं, १०० हर्ट्झवर आवाज कापला. बराच फरक पडला, तरी बाही फळीला घासली की ते सगळ्या गावाला ऐकू जायचं. कॅम्पात चर्चच्या क्वायरला वाजवणाऱ्या एका मित्राकडे के अँड के कंपनीचा पिकअप आहे. त्यात तीन छोट्या चकत्या ब्रिजच्या खाली, आतल्या बाजूनं चिकटवतात. चर्चमधल्या शांततेत तो इतका खरा वाजतो की मी जवळजवळ तोच घेणार होतो. पण त्याच्या पुढ्यात मॉनिटर जेमतेम कुजबुजतो, आणि माझ्या पुढ्यात तबला आणि पेटीवर मात करण्याइतका मोठा लागतो. मला शांत खोलीतला उत्तम आवाज नको होता, गोंगाटात टिकणारा हवा होता. हे मला अण्णांच्या त्या एका वाक्यानं समजलं.

गोंगाटात सगळ्यात जास्त टिकतो तो साऊंड होलमध्ये अडकवायचा चुंबकी पिकअप. तो फळीचं नाही, तारेचं ऐकतो. एकाकडून उसना घेऊन दोन कार्यक्रम केले, शिट्टी एकदाही आली नाही. पण गाणं बिघडलं. फॉस्फर ब्राँझच्या तारांचं बाहेरचं वेष्टण चुंबकाला दिसतच नाही, फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. खालच्या दोन बारीक तारा मात्र पूर्ण पोलादी. त्यामुळे त्या दोन तारा ओरडायच्या आणि जाड तारा मागं राहायच्या. काही पिकअपांना प्रत्येक तारेखाली वरखाली करायचे स्क्रू असतात, त्या उसन्याला ते नव्हते. शिवाय आवाजाची जात इलेक्ट्रिक गिटारकडे झुकणारी, अभंगाच्या पेटीशेजारी ती मला परकी वाटली. आणि नायलॉनच्या तारा लावणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये, चुंबकाला तिथं काहीच सापडत नाही.

मिरजेला एका कामासाठी गेलो होतो तेव्हा तंबोरे-सतारींच्या एका कारागिरांकडे तासभर बसलो. गिटार त्यांचं वाद्य नव्हे. पण जवारी काढताना घोडीचा माथा ते जसा घासत होते, थोडं घासून तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, ते बघताना माझ्या मनात निर्णय झाला. तार जिथं टेकते तिथूनच आवाज घ्यायचा. म्हणजे सॅडलखालची पिएझो पट्टी. सॅडल म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसणारा, तारा ज्यावर टेकतात तो तुकडा.

मी वाजवतो बोटांनी, एकेक तार सुटी छेडत. पट्टीचा मोठा दोष म्हणजे जोरात स्ट्रमिंग केलं की बदकासारखा 'क्वॅक' येतो. तो माझ्या वाजवण्यात फारसा येणारच नव्हता. पिकने दणकून वाजवणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही.

गिटारची बाजू कापून इक्वलायझरचा (आवाजातला जाडपणा-बारीकपणा कमीजास्त करायचा) डबा बसवायला मी साफ नकार दिला. आवाजाची चकरी साऊंड होलच्या कडेला आतून, आणि जॅक मागच्या पट्ट्याच्या खुंटीच्या जागी, एवढंच. तिथं साधारण १२ मिमीचं भोक पडतं, पण ते आतल्या जाड ठोकळ्यात, फळीला धक्का नाही. तेवढं मनाला पटवलं आणि गिटार एका दुकानात दिली.

परत आली ती अर्धी मुकी होऊन. जाड बाजूची पहिली तार दबलेली आणि अगदी बारीक तार जवळजवळ गायब. दुकानात म्हणाले, इक्वलायझरनं सांभाळून घ्या. एक तार कमी येत असेल तर इक्वलायझर काय करणार? मी गिटार घरी आणली, तारा सोडल्या, सॅडल उपसलं.

इथं माझी नोकरी कामी आली. पट्टी बसवताना तिच्या जाडीइतकं सॅडल खालून घासावं लागतं, नाहीतर तारा उंच होतात. ते घासताना सॅडलचा तळ सपाट राहिला नाही तर पट्टीवर दाब सारखा पडत नाही, आणि जिथं दाब नाही तिथं आवाज नाही. दोन पार्ट एकमेकांवर नीट बसतात की नाही हे आम्ही शॉपमध्ये मार्किंग ब्लूनं, म्हणजे टेकलेल्या जागी खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगानं, बघतो. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळ्याचा अगदी पातळ थर दिला आणि सॅडल त्यावर टेकवून उचललं. मधे निळा लागला होता, दोन्ही टोकं कोरी. हातात धरून घासल्यानं टोकं गोल झाली होती. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं.

तो तळ सपाट करत बसलो असतो तर सॅडल आणखी बुटकं झालं असतं आणि तारा फ्रेटला लागल्या असत्या. म्हणून हाडाचा कोरा तुकडा आणून नवीन सॅडल केलं. काटकोनी ठोकळ्याला टेकवून, काचेवर ठेवलेल्या चारशे नंबरच्या पॉलिश पेपरवर, दर पाच-सहा हातांनी निळा बघत. तीन संध्याकाळी गेल्या. खाचेचा तळही तपासला, तर वायरच्या भोकाच्या काठावर लाकडाची एक कड उभी राहिली होती, तिनं पट्टी त्या टोकाला उचलून धरली होती. ती काढली. सॅडल खाचेत बोटांनी सरकलं पाहिजे आणि हललंही नाही पाहिजे. ठोकून बसवलं तर तारेचा दाब खाली पोचतच नाही. तारा चढवल्या, सूर लावला. सहाही तारा एका घरच्या झाल्या.

खानापूरकडच्या पावसात फळी फुगते आणि तारा वर येतात. त्यासाठी सॅडलला पुन्हा हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. ते मोजमाप कोरड्या दिवसांतलं आहे आणि ते तसंच राहणार.

बाकी दोन गोष्टी किरकोळ, पण त्यांनी कार्यक्रम वाचतो. मिक्सर लांब असतो आणि जनरेटरवर रोषणाईच्या माळाही असतात, त्यामुळे गिटारची साधी लांब वायर गुणगुणते. मंचावरच डीआय बॉक्स (गिटारची साधी वायर माईकच्या वायरीला जोडून देणारा डबा) ठेवून पुढं माईकची, गुणगुण न पकडणारी बॅलन्स्ड वायर नेली की ती गुणगुण जाते. आणि जॅकमध्ये वायर घातली की गिटारच्या आतल्या प्रीअँपची बॅटरी चालू होते, म्हणून वाजवून झालं की वायर काढायची. एकदा ती रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी नऊ व्होल्टची बॅटरी रिकामी होती.

गेल्या कोजागिरीला मिक्सरवर योगायोगानं तोच पोरगा होता. सहाही तारा एकेक करून छेडल्या. त्यानं फेडर वर नेला, थांबला, आणखी थोडा नेला. शिट्टी नाही.

"बंतु री सर," गिटार आल्याचं तो तिथूनच ओरडून सांगत होता. अण्णांनी तबल्यावर थाप दिली आणि आम्ही पहिला अभंग धरला.