फोटोत तू कुठे आहेस?

डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि पावणेचारच्या आत गायब होतो. मधल्या वेळातही तो म्हणावा तसा वर चढत नाही. ५६ अक्षांशावरचं हे शहर. २१ डिसेंबरला ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो; पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांपर्यंत जातो. नोकरी करणाऱ्या माणसाला हे जाचतं. अंधारात कामाला जायचं, अंधारात घरी यायचं. पण सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवला की हाच जाच फायद्याचा होतो. आपल्याकडे सकाळी आठ-साडेआठला जे तिरपं, कोवळं ऊन संपून जातं, ते इथे ढग नसतील तर दिवसभर पुरतं. भर बारा वाजता माझी सावली रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढलेली असते.

आणि भिंती तरी कशा! सगळं जुनं शहर वालुकाश्मात बांधलेलं. कधीकाळी हा दगड मधाच्या रंगाचा होता, नंतर घराघरातल्या कोळशाच्या धुराने काळा पडला. काही इमारती घासूनपुसून घेतल्यात, काही तशाच आहेत. स्कॉट मॉन्युमेंट हा एका लेखकासाठी बांधलेला ६१ मीटर उंच मनोरा, १८४६ सालचा. तो आजही चुलीपाशी टांगलेल्या जुन्या झाऱ्यासारखा काळाकुट्ट दिसतो. थंडीतलं ऊन पडलं की या काळ्यातून नक्षीचे बारीक बारीक कंगोरे वर येतात. उन्हाळ्यात, रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा, ते दिसत नाहीत. फोटोसाठी एडिनबराला यायचं तर जूनमध्ये येऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात जूनमध्ये इथे निदान हातमोज्याशिवाय कॅमेरा धरता येतो, हेही मान्य.

पावसाचं विचाराल तर एक गोष्ट पुणेकरांना पटत नाही. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यात पडतो जवळपास तेवढाच. फरक इतकाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत काम उरकून जातो आणि इथला बाराही महिने रेंगाळतो. त्याच्या जोडीला उत्तर समुद्रावरून येणारं धुकं, ज्याला इथे ‘हार’ म्हणतात. ऊन पडलेलं असताना अर्ध्या तासात किल्ला नाहीसा होतो.

तर असे फोटो मी काढते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. सुरुवातीला सगळे काढतात तेच काढले. कॉल्टन हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावर डुगल्ड स्टुअर्ट या तत्त्वज्ञाचं खांबांचं गोल स्मारक आहे, ते डाव्या हाताला धरायचं, मागे किल्ला, मध्ये बालमोरल हॉटेलचं घड्याळ, आणि मावळतीचे रंग. त्या जागेवर ट्रायपॉडांची रांग लागलेली असते. त्या घड्याळाची गंमत सांगते. खाली वेव्हर्ली स्टेशन आहे, लोकांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे लावलेलं असतं. त्यामुळे माझ्या फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ कधीच जुळत नाही.

या फोटोंना ग्रुपवर अंगठे येतात, फुलं येतात, काकू ‘अप्रतिम’ लिहितात. आई फक्त एक प्रश्न विचारते: “छान आहे गं. यात तू कुठेयस?”

मी नसते त्यात. फोटो मी काढलेला असतो. हे तिला ठाऊक असतं, तरी ती विचारते. तिच्या लेखी माणूस नसलेला फोटो म्हणजे अजून पूर्ण न झालेला फोटो. मी आधी याला हसायचे. मग गेल्या खेपेला घरी गेले तेव्हा आमचे जुने अल्बम काढून बसले आणि लक्षात आलं की आमच्या घराण्यात कुणीच, कधीच, माणसाशिवाय फोटो काढलेला नाही. रोल महाग, त्यात छत्तीस फोटो, ते झाडांवर आणि भिंतींवर कोण घालवणार? महाबळेश्वरला सगळे ओळीने उभे, मागे दरी असावी. गणपतीपुळ्याला सगळे ओळीने उभे, मागे पांढरा पट्टा, तो समुद्र. आमचा शनिवार पेठेतला वाडा पाडून आता तिथे लिफ्टची इमारत झाली. त्या वाड्याचा चौक एकाही फोटोत पूर्ण सापडत नाही. मुंजीच्या फोटोत तो मांडवाने झाकलेला. दादाच्या बारशाच्या फोटोत दोन आत्यांच्या कोपरांच्या मधून हौदाची कड दिसते आणि तुळशीवृंदावनाचा एक कोपरा. जिन्याला लावलेला दोर, ज्याला धरून आजी वर यायची, तो कुठेच नाही.

या अल्बमांनंतर मला इथल्या जुन्या फोटोग्राफरांचा नाद लागला. एडिनबरा त्यासाठी भाग्यवान गाव आहे. कागदावर निगेटिव्ह घ्यायची ‘कॅलोटाइप’ पद्धत टॅलबॉट नावाच्या संशोधकाने इंग्लंडमध्ये शोधली आणि १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण ते स्कॉटलंडला लागू नव्हतं. परवान्याचे पैसे न भरता इथे कुणालाही फोटो काढता येत. त्याच सुमाराला, १८४३ मध्ये, इथल्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. साडेचारशेच्या आसपास धर्मगुरू हक्काची नोकरी आणि घर सोडून बाहेर पडले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल नावाच्या चित्रकाराने ठरवलं की या प्रसंगाचं भलंमोठं चित्र काढायचं, त्यात प्रत्येकाचा खरा चेहरा हवा. पण ही माणसं गावोगाव पांगायच्या आत त्यांची रेखाटनं करणार कधी? कॅलिडोस्कोपचा जनक डेव्हिड ब्रूस्टर याने त्याला सुचवलं, फोटो काढ. आणि रॉबर्ट ॲडमसन या विशीतल्या पोराशी गाठ घालून दिली.

यातला मला आवडणारा भाग असा की हिल मुळात निसर्गचित्रकार होता. डोंगर, नद्या, मावळती हा त्याचा विषय. कॅमेरा हाती आला तो माणसांसाठी. कॉल्टन हिलच्या पायथ्याला रॉक हाऊस नावाचं घर अजून उभं आहे. मावळतीचे फोटो काढायला वर जाणारे लोक त्याच्या शेजारच्या पायऱ्यांनी चढतात, बहुतेकांना पत्ता नसतो. तिथल्या बागेत, उघड्या उन्हात, ही जोडगोळी लोकांना बसवायची. घरात पुरेसा उजेड नव्हता, म्हणून खुर्ची, पुस्तकं, पडदे असं खोलीचं सामानच बागेत मांडायचं. एकेका फोटोला लांबलचक एक्स्पोजर, हलायचं नाही, डोक्यामागे आधार. म्हणून बरेच जण हातावर गाल टेकून विचारात पडलेले दिसतात. विचार कसला, मान स्थिर राहावी एवढाच हेतू! साडेचार वर्षांत त्यांनी सुमारे ३,००० फोटो काढले आणि १८४८ च्या जानेवारीत ॲडमसन वारला. वय २६. हिलचं ते चर्चचं चित्र पूर्ण व्हायला १८६६ उजाडलं. चित्र मी पाहिलंय. माणसं मोजून दमायला होतं, त्यापलीकडे फार काही वाटत नाही. चित्राच्या तयारीसाठी काढलेले ते फोटो मात्र, कागदाच्या धाग्यांमुळे जरा धूसर, सोडवत नाहीत.

त्यांच्या मागोमाग आलेला टॉमस कीथ मात्र आईला अजिबात आवडला नसता. पेशाने सर्जन. १८५० च्या दशकात काही वर्षं उन्हाळ्याच्या पहाटे उठून तो जुन्या एडिनबराच्या गल्ल्यांचे फोटो काढायचा आणि मग कामाला जायचा. त्याच्या फोटोंत शहर ओस पडलेलं दिसतं. दरवाजे, जिने, दगड, आणि चिटपाखरू नाही. पहाटेची वेळ हे एक कारण, दुसरं असं की मिनिटं मिनिटं उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यासमोरून जो चालत जातो तो उमटतच नाही. थांबलेला घोडा उमटतो, चाललेला माणूस पुसला जातो. पुढे १८७१ मध्ये आर्चिबाल्ड बर्न्सने आजच्या चेंबर्स स्ट्रीटच्या आसपासची पाडायला काढलेली घरं अशीच टिपून ठेवली. मला हेवा वाटतो तो त्या घरांत राहिलेल्यांच्या नातवंडांचा. त्यांना निदान जिना बघायला मिळाला असेल.

माणसं आणि जागा दोन्ही एका वेळी बघायची सोय या गावात एकाच ठिकाणी आहे, आणि तिचा धागा थेट मुंबईशी जुळतो. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मनोऱ्यात कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, १८५० च्या दशकापासूनचा. वर छपरात आरसा आणि भिंग, खाली अंधाऱ्या खोलीत पांढरं गोल टेबल, आणि त्या टेबलावर बाहेरचं शहर. फिल्म नाही, स्क्रीन नाही, नुसता उजेड आत येतो. बसगाड्या मुंगीच्या गतीने सरकतात, झेंडे फडफडतात, माणसं चालतात. दाखवणारी मुलगी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा देते. तो रस्त्यावर धरला की चालणारा माणूस कागदावर चढतो आणि आपल्याला उचलून घेता येतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराने एका बाईला छत्रीसकट उचललं आणि ती पडेल म्हणून श्वास धरून राहिला. बाहेर ती बाई आपल्या वाटेने गेली असणार.

हा मनोरा १८९२ मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी घेतला. नगररचनेतलं मोठं नाव. आपलं शहर आधी नीट बघा, त्याच्या भोवतीची शेतं, नदी, बंदर सगळं एकत्र बघा, मग काय पाडायचं ते ठरवा, असा त्यांचा आग्रह. जुन्या वस्त्या सरसकट भुईसपाट करण्याऐवजी गरजेपुरतंच पाडून बाकीचं दुरुस्त करावं, हे त्यांनी इथल्याच पडक्या चाळवजा इमारतींत स्वतः राहायला जाऊन करून दाखवलं. हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९२४ पर्यंत होते. त्यांच्यानंतर विभाग सांभाळला तो गो. स. घुर्ये यांनी. पेठांतल्या वाड्यांच्या बाबतीत गेडीसांचं कुणी ऐकलं असतं तर, असं मनात येतं. पण पावसाळ्यात गळणाऱ्या वाड्यात बादल्या लावत फिरणारी मी नव्हते, माझी काकू होती. तिला लिफ्ट हवी होती, आणि तिचं काही चुकलं नाही.

अलीकडे मी टेकडीवर कमी जाते आणि लीथ, न्यूहेवन या बंदराकडच्या भागात जास्त. २०२३ पासून ट्राम थेट न्यूहेवनपर्यंत जाते, त्यामुळे थंडीत सोपं पडतं. न्यूहेवन हे जुनं मासेमारीचं गाव. हिल आणि ॲडमसन इथेही आले होते, आणि त्यांचे सगळ्यांत जिवंत फोटो इथल्या कोळणींचे आहेत: पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, पाठीवर वेताची मोठी टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला. ताजी मासळी घेऊन या बाया चढण चढून एडिनबरात दारोदार विकायला जात. कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघायची त्यांची तऱ्हा वर्सोव्याच्या बाजारात कुणालाही ओळखू येईल. नवरे फोटोंत किनाऱ्यावरच दिसतात, कारण हलणारी होडी त्या कॅमेऱ्यात येत नव्हती. आता तिथे धक्का आहे, पांढरं दीपगृह आहे, महाग हॉटेलं आहेत. माशांचा वास अजून येतो, भाव मात्र कोळणींचे राहिले नाहीत.

आणि मी राहते त्या इमारतीच्या मागचंही काढते. इथल्या जुन्या दगडी इमारतींच्या मागे सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एक हिरवळीचं अंगण असतं, त्यात लोखंडी खांब रोवलेले आणि खांबांना दोऱ्या. मागच्या डिसेंबरात दुपारी दीडला तिथे ऊन आलं, तळमजल्यावरच्या आजीबाईंनी लगोलग चादरी वाळत घातल्या, आणि त्यांच्या चादरींच्या सावल्या दोन मजले वर भिंतीवर हलायला लागल्या. आजीबाई फोटोत नाहीत, चिमट्यांची पिशवी तेवढी दोरीला लटकलेली आहे. तो फोटो मी ग्रुपवर टाकला. एकही अंगठा नाही. दादाने विचारलं, “हे चुकून आलं का?”

आईचा मात्र फोन आला. या वेळी मी कुठेय ते तिने विचारलं नाही.

“डिसेंबरात वाळतात का गं चादरी तिथे?”

नाही वाळत, मी म्हटलं. तासाभराने तशाच ओल्या आत आणतात. स्वयंपाकघराच्या छताला लाकडी दांड्यांची चौकट असते, दोरी सैल सोडली की खाली येते, तिच्यावर पसरून दोरी ओढून परत वर खेचतात.

“म्हणजे आपल्याकडे होती तशी वलणीच की! तिचा काढ की मग एक फोटो. आणि काठीने घालतात की हाताने, तेही बघून सांग.”