विश्वासराव, टोमॅटो आणि इतर वस्तू

परवा दुपारी शेंगदाण्यांची सालं पाखडत होते आणि एकदम एक गोष्ट डोक्यात आली. म्हणजे गोष्टीचा तुकडाच. एक मास्तर पुण्याहून रेल्वेने मुंबईला जातो आणि बघतो तर तिथे अजून इंग्रजांचा झेंडा, कारण त्या जगात पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते, कानाजवळून निघून गेलेली असते. मग हा बाबा कुठल्याशा सभेत स्टेजवर चढतो आणि लोक त्याला चपला मारतात. बास. नाव आठवेना, लेखक आठवेना, शेवट तर नाहीच.

वाचली कुठे ते मात्र लख्ख आठवतंय. आजोळी, माळ्यावर. पुस्तकाला कव्हर नाही, पुढची पानं वाळवीने खाल्लेली आणि गोष्टीचं शेवटचं पान मामीने चिवड्याच्या डब्यात तळाला घातलेलं. डबा रिकामा करायला मी जिवाचं रान केलं, पण पान हाती लागलं तेव्हा तेलाने असं आरपार झालेलं की मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत घुसलेली. नुसता हिंगाचा वास.

फॅमिली ग्रुपवर विचारलं. दादा म्हणाला सिनेमा असेल, मावशी म्हणाली विश्वासरावांना गोळी लागली होती गं, नीट वाच जरा. पानिपत म्हटलं की आपल्याकडे जो तो काल घरातलंच कुणी गेल्यासारखा बोलतो, गोष्ट राहिली बाजूला आणि चर्चा भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला हवं होतं का यावर.

रात्री भाचीचा फोन. "आत्या, अगं हे आम्हाला अकरावीला इंग्लिशमध्ये आहे!" हॉर्नबिल नावाच्या पुस्तकात, 'द ॲडव्हेंचर', लेखक जयंत नारळीकर. म्हणजे आपलं 'गंगाधरपंतांचे पानिपत'! कपाळावर हात मारला. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की या माणसाने स्वतः १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेऊन. तेव्हा त्यांचं नाव न कळता त्यांची गोष्ट वाचली यात माझं फार काही चुकलं नाही.

मग तिला म्हटलं वाच. मास्तर नव्हेच, इतिहासाचे मोठे प्रोफेसर, पाच खंड लिहिलेले. डेक्कन क्वीनपेक्षा फास्ट जिजामाता एक्सप्रेस, चाळीस मिनिटांत लोणावळा! हे मी कशी विसरले? आणि शेवटी म्हणे जवळची बखर त्या गर्दीत हरवते पण एक फाटकं पान खिशात राहतं आणि त्यावर ती हुकलेली गोळी असते. फाटकं पान! मी फोन कानाला लावून नुसती गप्प, नाकात हिंगाचा वास.

"पण चपला नाहीयेत हां आत्या. टोमॅटो आणि अंडी आहेत."

"नीट बघ."

"टोमॅटो, अंडी... आणि 'अदर ऑब्जेक्ट्स'."

मग? आझाद मैदानावरची सभा आहे, इतर वस्तू म्हणजे काय फुलदाण्या असणारेत?