काजळी

समईच्या वातीवर काजळी धरली की ज्योत आधी आळसावते. टोकाशी काळं बोंड जमतं, त्यात एखादा लाल ठिपका लुकलुकतो आणि उजेड गाभाऱ्याच्या भिंतीवरून हळूहळू उतरत देवाच्या पायांशी येऊन बसतो. मग दोन बोटांच्या चिमटीत ते बोंड खुडायचं आणि वात जराशी पुढे सारायची. ज्योत सरळ होते, बोटं काळी होतात. गेली आठ वर्षं मी हे काम करतोय, पण चटका बसायचा तो अजून बसतोच.

आमची वाडी दापोली तालुक्यात, समुद्राची गाज झोपेतही ऐकू येईल इतक्या अंतरावर. देव मारुती. समर्थांनी स्थापलेले 11 मारुती सगळे घाटावरचे, आमचा त्यांतला नव्हे. तो कुणाच्या पूर्वजानं बसवला यावरून दोन घरांत तीन पिढ्या वाद होता. आता दोन्ही घरं मुंबईला असतात, त्यामुळे वाद मिटलाय.

पूजेच्या पाळ्या होत्या. बारा घरं, प्रत्येकाला एक महिना. अधिक महिना आला की तो कुणाच्या गळ्यात घालायचा यावर देवळातच आवाज चढायचे. आज बारांपैकी चार घरांची दारं बारा महिने उघडी असतात. त्यातल्या एका घरातल्या काकूंना पायऱ्या चढवत नाहीत आणि दुसऱ्या घरातला मुलगा सकाळी सातच्या एसटीनं कामाला जातो तो अंधार पडल्यावर येतो. तेव्हा हिशेब करा. मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मला कुणी विचारलं नाही की तुझी श्रद्धा किती. ‘आता रिकामाच आहेस’ म्हणत देवळाची किल्ली हातात ठेवली.

लोकांना वाटतं, देवळात गेलं की मन शांत होतं. ज्याला दहा मिनिटं जायचं असतं त्याचं होत असेल. रोज जाणाऱ्याला मारुतीच्या शेंदरापेक्षा आधी गळकं कौल दिसतं. पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ, हातात बॅटरी, कारण आमच्याकडे फुरसं कुठल्या दगडाआड बसलं असेल सांगता येत नाही. काड्यापेटी सादळलेली. कापूस इतका दमट की वात वळतानाच तुटते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संध्याकाळी माझ्याखेरीज त्या देवळात कुणी आलंच तर पावसापासून आडोसा शोधणारं कुत्रं. प्रसादाचं केळं ठेवून पाठ वळवली की माकडं उचलतात. त्यांना हाकलायचं तरी कुठल्या तोंडानं? देव त्यांचाच. आम्ही मधले.

आणि फोन! घराच्या मागे दोन खोल्या काढून आम्ही पर्यटकांना देतो. फेब्रुवारी ते एप्रिल आंजर्ल्याला, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं येतात. पिल्लं सोडण्याची एक वेळ मावळतीची, आणि दिवा लावायची वेळही तीच. स्तोत्राच्या मध्यावर खिशात थरथर सुरू होते. एसी चालत नाही, रस्ता चुकलो, सुरमई मिळेल का. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथला आजचा भाव काय असेल हे मी शेंदूर लावलेल्या मूर्तीसमोर हात जोडून मनात मांडलेलं आहे. शनिवारीसुद्धा. बायको म्हणते, “अहो, तुम्ही देवळात बसून घरचा विचार करता आणि घरी बसून देवळाचा. एकदा तरी अदलाबदल करून बघा.”

या बाबतीत मला माझ्या आजीचा आधार वाटतो. चातुर्मासात ती लाख वातींचा संकल्प सोडायची. ओटीवर पाय पसरून बसलेली, बाजूला वाटीत चुलीतली राख, ती बोटांना लावून सरासर वाती वळत असायची. आणि तोंडानं? नामस्मरण वगैरे काही नाही. गावातल्या समस्त सुनांचा उद्धार. आई एकदा न राहवून म्हणाली, “सासूबाई, वाती मोजताय की आमचे अपराध?” आजी मान वर न करता म्हणाली, “दोन्ही. हिशेब चुकत नाही माझा.” लाख वाती मात्र पुऱ्या व्हायच्या. तेव्हा समईत उंडीचं तेल असे. किनाऱ्यावरच्या उंडीची फळं गोळा करायची, आतला गर वाळवायचा, घाण्यावर द्यायचा. कडू तेल म्हणायचे त्याला. या तेलाच्या वातीला उंदीर तोंड लावत नाही, हे आजीचं म्हणणं. आताच्या पिशवीतल्या दिव्याच्या तेलातली वात ते रात्रीत पळवतात, हे माझं निरीक्षण.

एका वर्षी चाकरमान्यांनी यावर उपाय काढला. विजेवरचा दिवा. ज्योतीच्या आकाराचा, थरथरणारा, अंधार पडला की आपोआप लागणारा. “तुला रोज जायला नको, दादा.” खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन-तीनदा मी त्याच्यावर विसंबून घरीच बसलो. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि वीज परत यायला किती आठवडे लागतील हे विचारणंही लोकांनी सोडलं. आता कुणाला वाटेल, त्या अंधारात आमची समई तेवत होती. कसली तेवतेय! दोन दिवस मी घरातलं पाणी उपसत होतो, देवाची आठवणही झाली नाही. तिसऱ्या दिवशी कोयतीनं वाट काढत निघालो. तीन मिनिटांच्या वाटेला अख्खी सकाळ लागली. समई लवंडलेली, साचलेल्या पाण्यावर तेलाचे रंग, वात तरंगतेय. काड्यापेटीचा लगदा. परत घरी येऊन काड्या घेऊन गेलो आणि भर दुपारी बाराला दिवा लावला. संध्याकाळी पुन्हा जायचं त्राण नव्हतं. गेलो नाही.

श्रावणात सप्ताह असतो. पूर्वी खरोखर 7 दिवस असे, हल्ली 24 तासांवर आलाय, नाव तेच. वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, उभ्यानं. मागच्या खेपेला माझा पहारा रात्री बारा ते दोनचा होता आणि पुढचा मुंबईहून आलेल्या चुलतभावाचा. दोन वाजले. अडीच झाले. बाहेर पाऊस धोधो. आम्ही चौघे. पखवाजवाला भिंतीला टेकून पेंगतोय, त्याची बोटं मात्र झोपेतच चालू. एकजण टाळ वाजवतोय, एक जांभया देतोय. माझा खांदा भरून आला. ओठांवर ‘रामकृष्ण हरी’ आणि मनात चुलतभावाला द्यायच्या शिव्या, त्याही तालात बसायला लागल्या. तीनपर्यंत त्या शिव्याही संपल्या. पुढची दहा-पंधरा मिनिटं डोक्यात काहीच नव्हतं. देव नाही, भाऊ नाही, खांदा नाही. पागोळ्यांचं पाणी आणि टाळ, एवढंच. ती भक्ती होती की उभ्या उभ्या लागलेली डुलकी, कोण जाणे. पुन्हा तसं व्हावं म्हणून नंतर कितीदा तरी प्रयत्न केला, जमलं नाही. साडेतीनला स्वारी केस पुसत आली. “जरा डोळा लागला रे दादा.” हातात चहाची किटली होती, म्हणून वाचला.

काळ्या बोटांचं राहिलं. काजळी खुडली की बोटं पुसायची कुठे? डावीकडे सभामंडपाचा लाकडी खांब आहे, त्याला. मी पुसतो, वडील पुसायचे, त्यांच्या आधीचे पाळीकर पुसायचे. छातीच्या उंचीवर खांबाला हातभर काळा, तुळतुळीत पट्टा पडला होता. गेल्या मे महिन्यात वर्गणी काढून रंगकाम झालं. माझी मुंबईला खेप होती, आलो तर खांब आंब्याच्या रसासारखा पिवळा, ऑइलपेंट दिलेला. पहिल्या संध्याकाळी हात खांबापर्यंत गेला आणि थबकला. मग गेलाच.

गणपतीत सगळे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खांबाचा फोटो, त्यावर लाल गोल काढलेला. ‘नवीन रंग कोणी खराब केला? कृपया सर्वांनी सहकार्य करावे.’ खाली सोळा जणांनी हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी दिवा लावला, काजळी झाडली, वात सारखी केली. खिशात फोन वाजत होता, बोटं काळी म्हणून घेता आला नाही. खांबाकडे बघितलं. मग वळसा घालून पलीकडे गेलो आणि मागच्या बाजूला, फोटोत येणार नाही अशा बेतानं, बोटं पुसली.