पानांना ऊन

"मामा, याची पानं एकमेकांच्या सावलीत आहेत. हा उपाशी राहील ना?"

मी घडवत असलेल्या हलत्या सांध्यांच्या खेळण्याचा क्लेचा नमुना हातात फिरवत भाची सहज बोलून गेली.

सहा इंची वनस्पती-योद्धा, १:१२ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढा. गुडघ्याला बांबूसारखं पेर दिलं, त्यात बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारा सांधा, बेमालूम लपला, म्हणून मी खुशीत होतो. खांद्यावरची पानं मात्र चिलखतासारखी एकाखाली एक चिकटवलेली.

कित्येक झाडांत पुढचं पान आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर फुटतं. खालच्यालाही ऊन मिळतं. हे मला ठाऊक होतं! तरी हात चिलखतच घडवत राहिले.

रात्री सगळी पानं उचकटली. आता कोन मोजून एकेक लावतोय.

पण ढाल धरली की अख्खा डावा हात सावलीत जातो. ती कुठे धरू, भाचीलाच विचारू का?